एकाची हौस, लाखोंची सवय: छंदातून उभ्या राहिलेल्या वेबसाईट बंद का पडतात?

२१ मार्च २०२३ रोजी 'डीपीरिव्ह्यू' या वेबसाईटवर एक सूचना झळकली. १० एप्रिलनंतर साईटचं काम थांबणार होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं आपले फोटो आणि लिखाण तिथे टाकलं होतं, त्यांनी ते ६ एप्रिलपर्यंत मागवून घ्यावं, असंही सांगितलं होतं.

ज्यांचा कॅमेऱ्याशी संबंध नाही, त्यांना हे नाव फारसं माहीत नसेल. पण २००० ते २०१५ च्या दरम्यान डिजिटल कॅमेरा घेण्याआधी ज्यांनी इंटरनेटवर चौकशी केली, त्यातले बरेचजण या साईटवर येऊन गेलेले असतील. दुकानात जाण्याआधी डीपीरिव्ह्यू वाचायचं, ही जगभरच्या कॅमेरावेड्यांची सवयच होती. त्यात पुण्या-मुंबईचे हौशी फोटोग्राफरही आले. आणि ही साईट सुरू केली होती लंडनमधल्या एका माणसाने, हौसेपोटी.

एखादी हौशी वेबसाईट कशी मोठी होते आणि मग कशी संपते, हे समजून घ्यायचं तर डीपीरिव्ह्यूइतकं चांगलं उदाहरण नाही. चढण, शिखर, विक्री, घसरण आणि अगदी शेवटच्या क्षणी मिळालेलं जीवदान, असं सगळंच या एका गोष्टीत आहे.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या

१९९० च्या दशकात वेबसाईट काढणं म्हणजे आजच्यासारखं खातं उघडून लगेच पोस्ट टाकणं नव्हतं. पानं स्वतः कोड लिहून तयार करायची, ती कुठल्या तरी सर्व्हरवर चढवायची आणि लोकांना पत्ता सांगायचा. बहुतेक हौशी मंडळी विद्यापीठातली नाहीतर संगणक कंपन्यांत काम करणारी होती, कारण इंटरनेट त्यांच्याच हाताशी होतं.

१९९४ मध्ये सुरू झालेल्या 'जिओसिटीज'ने हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं. तिथे फुकट जागा मिळायची. शिवाय विषयांप्रमाणे मोहल्ले पाडलेले होते. सिनेमावाल्यांसाठी 'हॉलीवूड', विज्ञानकथावाल्यांसाठी 'एरिया ५१', संगीतवाल्यांसाठी 'सनसेट स्ट्रिप'. कुणी आपल्या आवडत्या मालिकेच्या भागांची यादी करायचा, कुणी रेल्वे इंजिनांचे फोटो लावायचा. १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज साधारण साडेतीन अब्ज डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात विकत घेतली. दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, ती बंद केली. जागा फुकट मिळाली होती, पण जमीन दुसऱ्याची होती, हे लाखो लोकांना त्या दिवशी कळलं. (जपानमधली जिओसिटीज मात्र २०१९ पर्यंत चालू होती.)

लोक हे करत का होते? पैसे मिळायचे नाहीत. उलट पदरमोड करावी लागायची. एक कारण असं की छापील मासिकांत जे बसत नाही, ते इथे बसत होतं. मासिकाला पानांची मर्यादा, महिन्याची वाट, आणि ज्या कंपनीच्या मालाची परीक्षा करायची तिचीच जाहिरात मागच्या पानावर. वेबवर यातलं काहीच आडवं येत नव्हतं. एखाद्याला पोस्टाच्या तिकिटांवरच्या छिद्रांविषयी चाळीस पानं लिहायची असतील, तर त्याने खुशाल लिहावीत.

फिल आस्कीचा कॅमेरा

डीपीरिव्ह्यूचं पूर्ण नाव 'डिजिटल फोटोग्राफी रिव्ह्यू'. फिल आस्कीने १९९८ च्या अखेरीस लंडनमधून ती सुरू केली. त्या वेळी आपल्याकडे घरोघरी ३६ फोटोंचे रोल होते आणि लग्नाचे फोटो धुऊन यायला आठवडा लागायचा. डिजिटल कॅमेरे एक-दोन मेगापिक्सेलचे होते आणि महागही. सोनीचे काही कॅमेरे तर चक्क फ्लॉपीवर फोटो साठवायचे. दर काही महिन्यांनी नवं मॉडेल यायचं, प्रत्येकाचे दावे मोठे, आणि ते पारखायला ग्राहकाकडे काहीच साधन नाही.

आस्कीने ते साधन तयार केलं. त्याच्या चाचण्या एका पानात संपत नसत. बटणं कुठे आहेत इथपासून कमी उजेडात चित्र किती खरखरीत येतं इथपर्यंत, पानामागून पानं. पण खरी किंमत होती ती ठरलेल्या पद्धतीला. प्रत्येक कॅमेऱ्याची परीक्षा त्याच कसोट्यांवर व्हायची आणि फोटो मूळ आकारात वाचकासमोर ठेवले जायचे. त्यामुळे दोन कॅमेरे शेजारी-शेजारी ठेवून वाचकाला स्वतःच फरक बघता यायचा. आस्कीच्या मताशी सहमत व्हायची सक्ती नव्हती. पुढे साईटने स्टुडिओतलं एक ठरावीक दृश्य तयार केलं. त्यात रंगांच्या पट्ट्या, छापील अक्षरं, धागे, चेहरे असं सगळं मांडलेलं. जुना-नवा कुठलाही कॅमेरा निवडायचा आणि त्या दृश्याचा हवा तो कोपरा मोठा करून पाहायचा.

अशा संग्रहाचं मोल वेळेबरोबर वाढत जातं. दहा वर्षांपूर्वीचा कॅमेरा आज दुकानात मिळत नाही, पण सेकंडहँड घेणाऱ्याला त्याची माहिती हवी असते, आणि ती याच पानांवर सापडते.

प्रसिद्धीची शिक्षा

हौशी वेबसाईटची अडचण तिच्या यशापासूनच सुरू होते. त्या काळी सर्व्हर कंपन्या किती डेटा गेला यावर पैसे लावायच्या. म्हणजे दहा लोक आले तर बिल नगण्य, दहा हजार आले तर डोळे पांढरे. त्यातून साईट फोटोंची असेल तर विचारायलाच नको, कारण एका मोठ्या फोटोच्या जागेत शेकडो पानं मजकूर मावतो. चांगलं काम केलं की लोक येतात आणि लोक आले की खिसा फाटतो.

यावर दोन उपाय निघाले. ॲमेझॉनने १९९६ मध्ये एक योजना सुरू केली. साईटवरच्या दुव्यावरून कुणी ॲमेझॉनवर जाऊन खरेदी केली, तर साईटवाल्याला थोडं कमिशन. पुढे २००३ मध्ये गूगलने 'ॲडसेन्स' आणलं. कोडच्या चार ओळी चिकटवल्या की पानावर आपोआप जाहिराती दिसू लागायच्या. जाहिरातदार शोधत फिरायची गरज संपली. २००३ नंतरची काही वर्षं हौशी वेबसाईटसाठी सुगीची होती, ती यामुळेच. कित्येकांनी नोकरी सोडून पूर्णवेळ हेच काम धरलं.

सर्व्हरचं बिल असं भागलं, पण दुसरा खर्च कुठल्याच हिशेबात येत नव्हता. तो म्हणजे माणसाचा वेळ. हौस असते तेव्हा रात्री दोनपर्यंत जागून लिहिण्यात मजा असते. हजारो लोक वाट पाहू लागले की तेच काम होतं. नवा कॅमेरा आला आणि आठवड्यात चाचणी आली नाही, तर तक्रारीच्या ईमेल येतात. पैसे न देणारा वाचकही ग्राहकासारखाच वागू लागतो. लग्न होतं, मुलं होतात, आई-वडील आजारी पडतात, आणि साईटवर 'लवकरच नवं काही' ही ओळ तीन वर्षं तशीच राहते. हौशी साईटच्या मृत्यूचं सगळ्यात सामान्य कारण हेच आहे, पण त्याची बातमी कधी होत नाही.

आस्कीच्या साईटचं तसं झालं नाही. तिने माणसं नेमली, ती वाढली आणि मे २००७ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली.

२००७ चा योगायोग

ॲमेझॉनला त्यात रस असणं स्वाभाविक होतं. कॅमेरा घ्यायचं ठरवलेला माणूस जिथे हमखास येतो, ती जागा दुकानदाराच्या हातात आलेली बरी. वाचकांच्या मनात मात्र एक शंका होती. दुकानदाराच्या मालकीची साईट कॅमेऱ्याला वाईट म्हणेल का? प्रत्यक्षात साईटची परखडपणाबद्दलची ख्याती टिकून राहिली. २०१० मध्ये तिचं ऑफिस लंडनहून अमेरिकेतल्या सिॲटलला गेलं आणि आस्की बाजूला झाला.

खरा धक्का दुसरीकडून आला. ज्या २००७ मध्ये ही विक्री झाली, त्याच वर्षी जूनमध्ये पहिला आयफोन दुकानांत आला. त्याचा कॅमेरा जेमतेम दोन मेगापिक्सेलचा होता. कॅमेरा कंपन्यांनी त्याची फारशी धास्ती घ्यावी असं त्यात काही नव्हतं. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेचे आकडे पाहिले तर २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२२ मध्ये हा आकडा सुमारे ८० लाखांवर आला होता. बारा वर्षांत पंधरा कॅमेऱ्यांमागे एक उरला.

यात सगळ्यात आधी गेले ते खिशात मावणारे स्वस्त कॅमेरे. आणि त्यांच्याबरोबर गेला तो वाचक, ज्याला आयुष्यात एकदा, सहलीसाठी किंवा बाळाच्या जन्माआधी, कॅमेरा घ्यायचा होता. मागे राहिले ते पक्के शौकीन. त्यांचं साईटवर प्रेम जास्त होतं, पण खरेदी मोजकी. छंद संपला नव्हता, छंदाभोवतीचा बाजार आटला होता.

डीपीरिव्ह्यूने बदलायचा प्रयत्न केला. २०१८ मध्ये कॅनडातले क्रिस निकल्स आणि जॉर्डन ड्रेक हे व्हिडिओ करणारे दोघे साईटशी जोडले गेले आणि यूट्यूबवर चांगला प्रेक्षकवर्ग तयार झाला. पण २०२२ च्या अखेरीस ॲमेझॉनमध्ये मोठी नोकरकपात सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने एकूण १८ हजारांहून अधिक जागा कमी करणार असल्याचं सांगितलं. मार्चमध्ये आणखी ९ हजारांची भर पडली. डीपीरिव्ह्यू बंद करण्याचं कारण म्हणूनही याच पुनर्रचनेचा उल्लेख होता. एका अवाढव्य कंपनीच्या ताळेबंदात ही साईट म्हणजे एक बारीक ओळ होती.

घोषणा आणि बंद होण्याची तारीख यांच्यात होते अवघे तीन आठवडे. 'आर्काइव्ह टीम' नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने ताबडतोब पानं उतरवून ठेवायला सुरुवात केली. मरायला टेकलेल्या साईटची प्रत काढून ठेवणं, हाच या गटाचा छंद आहे. जिओसिटीजच्या वेळीही हीच मंडळी धावली होती. निकल्स आणि ड्रेक 'पेटापिक्सेल' या दुसऱ्या फोटोग्राफी साईटकडे गेले.

आणि मग १० एप्रिल उलटला तरी साईट चालूच राहिली. पडद्यामागे बोलणी सुरू होती. २० जून २०२३ रोजी जाहीर झालं की न्यूयॉर्कच्या 'गिअर पेट्रोल' या प्रकाशनाने डीपीरिव्ह्यू विकत घेतली आहे. जुना संग्रह वाचला, लहान झालेला चमू कामाला लागला आणि साईटवर पुन्हा नव्या चाचण्या येऊ लागल्या. असं नशीब फार थोड्या साईटच्या वाट्याला येतं.

लोकांनी भरलेलं, एकाने विकलेलं

डीपीरिव्ह्यूचा बराचसा मजकूर पगारी माणसांनी लिहिलेला होता. पण काही हौशी प्रकल्प असे असतात, की त्यातलं सगळं वाचकांनीच फुकट भरलेलं असतं. तिथे विक्री झाली की प्रश्न अधिक टोकदार होतो.

'सीडीडीबी'ची गोष्ट अशीच. संगीताची सीडी संगणकात घातली की गाण्यांची नावं आपोआप यायची, हे अनेकांना आठवत असेल. गंमत म्हणजे साध्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं सहसा नसतातच. १९९० च्या दशकात टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी यावर युक्ती काढली. सीडीवरचं प्रत्येक गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं, यावरून एक क्रमांक तयार करायचा आणि तो इंटरनेटवरच्या यादीत शोधायचा. यादीत सीडी सापडली नाही, तर वापरणाऱ्याने नावं टाइप करून पाठवायची. पुढच्या माणसाला ती आयती मिळायची. जगभरच्या संगीतप्रेमींनी आपापल्या घरी बसून, एकेक सीडी टाइप करून, हा खजिना उभा केला.

१९९८ मध्ये तो एका कंपनीला विकला गेला आणि पुढे 'ग्रेसनोट' या नावाने चालू लागला. मग परवान्याच्या अटी आल्या. २००१ मध्ये परवाना नसलेल्या सॉफ्टवेअरला दार बंद झालं. ज्यांनी नावं टाइप केली होती, त्यांना वाटलं आपल्याच विहिरीवर पाण्याचं बिल आलं. २००८ मध्ये सोनीने ग्रेसनोट २६ कोटी डॉलरना घेतली. टाइप करणाऱ्यांना अर्थातच त्यातला छदामही मिळाला नाही.

या रागातून दोन गोष्टी जन्मल्या. एक 'फ्रीडीबी', जी जुन्या खुल्या माहितीवर उभी राहिली आणि २०२० मध्ये बंद पडली. दुसरी 'म्युझिकब्रेन्झ'. रॉबर्ट केने सुरू केलेल्या या प्रकल्पाने पहिल्यापासूनच खबरदारी घेतली. गाणी, कलाकार, अल्बम ही मूळ माहिती कुणालाही कशीही वापरता येईल अशी खुली ठेवली, आणि २००४ मध्ये तिच्यासाठी ना-नफा संस्था स्थापन केली. ही माहिती व्यवसायासाठी वापरणाऱ्या कंपन्या संस्थेला पैसे देतात. म्युझिकब्रेन्झ आजही चालू आहे. उद्या संस्था बुडाली तरी माहितीची पूर्ण प्रत कुणीही उतरवून नव्याने सुरुवात करू शकतो. विकण्यासारखं काही ठेवलंच नाही, म्हणून ती टिकली, असं म्हणायला हरकत नाही.

अर्थात विक्री म्हणजे शेवट, असा सरसकट निष्कर्षही काढता येत नाही. सिनेमांची माहिती देणारी आयएमडीबी हे त्याचं उलट उदाहरण. इंग्लंडमधल्या कॉल नीडम या सिनेमावेड्या संगणक अभियंत्याने १९९० मध्ये इंटरनेटवरच्या सिनेरसिकांच्या याद्या एकत्र शोधता येतील अशी सोय केली. १९९८ मध्ये तीही ॲमेझॉनने घेतली. म्हणजे डीपीरिव्ह्यूचाच मालक. पण आयएमडीबी फुलली. सिनेमे दरवर्षी निघतच राहतात. शिवाय चित्रपट व्यवसायातली माणसं तिची सशुल्क सेवा घेतात, आणि ॲमेझॉनच्या स्वतःच्या व्हिडिओ सेवेलाही ही माहिती लागते. मालकाच्या मुख्य धंद्याशी तिची नाळ घट्ट राहिली. दुसरं, नीडम स्वतः २०२५ च्या सुरुवातीपर्यंत तिच्या प्रमुखपदी होता. सुरू करणारा माणूस तीन दशकांहून अधिक काळ जागेवर असणं, हे वेबच्या जगात नवलच.

हळूहळू झिजणं

मोठ्या साईट घोषणा करून बंद होतात. छोट्या नुसत्या झिजतात. कारण वेबसाईट पुस्तकासारखी नसते, कपाटात ठेवून दिली की तशीच राहील असं होत नाही. ती घरासारखी असते, गळती काढावी लागते.

एप्रिल २०१५ मध्ये गूगलने मोबाइलवर नीट न दिसणाऱ्या साईट मोबाइलवरच्या शोधात मागे टाकायला सुरुवात केली. १९९९ मध्ये मोठ्या पडद्यासाठी बनवलेली पानं एका झटक्यात मागे पडली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर सांकेतिक सुरक्षा नसलेल्या प्रत्येक साईटपुढे 'सुरक्षित नाही' असं लिहू लागला. ती सुरक्षा फुकट मिळते, पण बसवायला कुणीतरी जागं असावं लागतं. जुन्या नाण्यांविषयी लिहिणाऱ्या आजोबांच्या साईटपुढे ही पाटी दिसली, की नवखा वाचक घाबरून परत फिरतो. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश हे तंत्र संपलं आणि त्यावर बनवलेले हौशी खेळ, कार्टून, वाजणारे नकाशे एका रात्रीत रिकामे चौकोन झाले.

वाचकही दुसरीकडे गेला. ज्या विषयाला पूर्वी वेबसाईट लागायची, त्याला आता फेसबुक ग्रुप किंवा इन्स्टाग्राम पेज पुरतं. ते सुरू करायला पाच मिनिटं लागतात आणि सर्व्हरचं बिल येत नाही. पण तीन वर्षांपूर्वी ग्रुपवर कुणीतरी दिलेलं अचूक उत्तर आज शोधून दाखवा, म्हणजे फरक कळेल. जागा पुन्हा दुसऱ्याची, जिओसिटीजसारखीच. २०२४ पासून गूगल शोधाच्या सुरुवातीलाच यंत्राने तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं आहे. ते उत्तर ज्या साईटवरून उचललेलं असतं, ती उघडायची गरज अनेकांना वाटत नाही, आणि साईटचं जाहिरातीचं उत्पन्न मात्र उघडणाऱ्यांवरच अवलंबून असतं.

यात कायद्याचीही भर पडली. डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या सायकलवेड्यांची एक जुनी साईट बंद होणार असल्याचं जाहीर झालं. ब्रिटनच्या नव्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात १.८ कोटी पौंड किंवा उलाढालीच्या १० टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला आणि रोख मोठ्या कंपन्यांवर. पण फावल्या वेळात, देणग्यांवर साईट चालवणाऱ्या माणसाने एवढी जोखीम स्वतःच्या डोक्यावर का घ्यावी? शेवटी इतरांनी पुढे येऊन ती साईट वाचवली.

मराठीचं वेगळं दुखणं

मराठी हौशी साईटना या सगळ्याच्या आधी आणखी एक अडथळा होता, तो लिपीचा. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर शिवाजी, किरण, शुषा अशा फॉण्टमध्ये लिहिला जायचा. त्यात पडद्यावर देवनागरी दिसायची, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच असायची. वाचणाऱ्याकडे तोच फॉण्ट नसेल, तर 'नमस्कार'च्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसायची. शोधयंत्रांनाही ती मराठी म्हणून ओळखता येत नव्हती.

युनिकोड आल्यावर ज्यांनी कष्ट घेऊन जुनी पानं बदलून घेतली, त्यांचा मजकूर राहिला. ज्यांनी घेतले नाहीत, त्यांचा मजकूर सर्व्हरवर असला तरी वाचकापुरता हरवल्यासारखाच झाला. कविता, पाककृती, किल्ल्यांच्या भटकंतीची टिपणं असा किती ऐवज असा अडकला असेल, कुणी मोजलेलं नाही.

टिकलेल्यांतलं ठळक नाव म्हणजे 'आठवणीतली गाणी'. मराठी गाण्यांचे शब्द देणाऱ्या साईट पुष्कळ आहेत. पण इथे प्रत्येक गाण्याबरोबर गीतकार, संगीतकार, गायक, जिथे माहीत असेल तिथे राग, चित्रपट किंवा नाटक, गीताचा प्रकार अशी नोंद असते आणि शब्दांच्या अचूकतेची काळजी घेतलेली दिसते. दोन दशकांपासून हे काम चालू आहे. भावगीताची एखादी ओळ अडली की अनेक मराठी घरांत, मग ते घर सांगलीतलं असो वा शिकागोतलं, हीच साईट उघडली जाते. अशी साईट बंद पडली, तर तिथली शब्दांची आणि नोंदींची जोडणी दुसरीकडे तयार मिळणार नाही.

मागे काय उरतं?

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती.

अशा पानांचा शेवटचा आसरा म्हणजे 'इंटरनेट आर्काइव्ह'. ब्रूस्टर केलने १९९६ मध्ये सुरू केलेली ही ना-नफा संस्था वेबच्या पानांच्या प्रती काढून ठेवते आणि त्या 'वेबॅक मशीन'वर फुकट पाहता येतात. बंद साईटचा जुना पत्ता तिथे टाकला की तारखांचं कॅलेंडर उघडतं. पण प्रत म्हणजे मूळ नव्हे. साधा मजकूर चांगला जपला जातो, फोटो काही वेळा गळतात, आणि शोधचौकटीत शब्द टाकून माहिती काढायची सोय तिथे सहसा चालत नाही. म्हणजे डीपीरिव्ह्यूवर दोन कॅमेरे शेजारी ठेवून बघायची जी सोय होती, नेमकी तीच अशा प्रतीत राहण्याची शक्यता कमी. शिवाय ही संस्थाही अभेद्य नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर ती काही दिवस बंद होती.

ज्याला स्वतःची साईट बंद करायची वेळ येते, त्याच्यापुढे काही वाटा असतात. मजकूर खुल्या परवान्याखाली देऊन टाकणं, त्याच विषयाच्या संस्थेकडे सोपवणं, किंवा साईट साध्या, न बदलणाऱ्या पानांत रूपांतरित करणं. अशा पानांना जवळजवळ देखभाल लागत नाही आणि ती अत्यल्प खर्चात ठेवता येतात. यातली कुठलीही वाट धरायची तर उत्साह पूर्ण संपण्याआधी धरावी लागते. व्यवहारात तसं क्वचितच होतं. पासवर्ड एकाच माणसाला माहीत असतो, आणि तो माणूस गेला की घरच्यांना साईट होती हेही माहीत नसतं.

मग शेवट होतो तो डोमेनच्या मुदतीने. '.कॉम' नावाचे वार्षिक पैसे भरले नाहीत, तर कंपनीनुसार जास्तीत जास्त ४५ दिवस ते साध्या दरात परत घेता येतं. त्यानंतर ३० दिवस दंड भरून सोडवता येतं. मग ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही, आणि सहाव्या दिवशी जो आधी पोचेल त्याचं होतं. हौशी साईटच्या नावांना या बाजारात मागणी असते, कारण इतर शेकडो पानांवरचे जुने दुवे अजूनही त्या पत्त्याकडे बोट दाखवत असतात आणि शोधयंत्रांच्या लेखी त्या पत्त्याला थोडी पत उरलेली असते. त्यामुळे वीस वर्षं पक्ष्यांच्या आवाजांची नोंद ठेवणाऱ्या साईटच्या पत्त्यावर एके दिवशी ऑनलाइन जुगाराची जाहिरात उघडते.